‘कराचे नाणे’ : एका विक्रीलेखाचे वाचन

संकेतस्थळांवर प्राचीन रोमन नाणी विकणारे व्यापारी टायबेरियसच्या एका चांदीच्या देनाराला ‘ट्रिब्यूट पेनी’ म्हणतात. ‘पेनी’ हा शब्द १६११ च्या इंग्रजी बायबलातून रूढ झाला. मूळ ग्रीकात देनारच आहे. एवढ्या नावाने नाण्याची किंमत चढते. गुरुदीक्षेची भेट म्हणून ते घेण्याचा मोह आपल्या घरांतही होऊ शकेल. म्हणून हा मथळा एखाद्या साहित्यकृतीप्रमाणे तपासून वाचावा, असे आम्हांस वाटते.

शुभवर्तमानात नाणे मागवले जाते आणि त्यावर कैसराचे चित्र व नाव असते. कोणता कैसर, हे सांगितलेले नाही. प्रभूने ते हाती घेतले असाही उल्लेख नाही. ‘कैसर’ हे नाव ऑगस्टसच्या देनारांवरही आहे, आणि इ. स. १४ मध्ये तो वारल्यावरही ती चलनात होती. टायबेरियसचे नाणे संभवनीय खरे. पण व्यापाऱ्याचा ठामपणा सुवार्ताकारांपाशी नाही.

मथळ्याहून नाण्यावरचा लेख कितीतरी बोलका आहे. दर्शनी बाजूस टायबेरियस स्वतःला देवपद पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र म्हणवतो. मागे आसनस्थ स्त्री आणि ‘पोंतिफ माक्सिम’, म्हणजे सर्वश्रेष्ठ पुरोहित. (हीच उपाधी १६१२ च्या लेखात पोप पाचवे पॉल यांच्या नावापुढे संत पेत्राच्या महामंदिरावर कोरलेली आहे!) असे नाणे मंदिराच्या आवारात प्रश्नकर्त्यांपाशीच निघावे, यातला उपरोध ‘पेनी’ या शब्दात हरवतो.

घ्यायचेच असेल तर प्रथम मागची बाजू पाहावी. टायबेरियसच्या काही देनारांवर चार घोड्यांचा रथ आहे. ते हे नाणे नव्हे. आसनाचे पाय साधे की नक्षीदार, यावरून पोटप्रकार ठरतात. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची रोमन नाण्यांची सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. विक्रेत्याने दिलेला क्रमांक तिच्याशी ताडावा. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास हवे. फार कमी भरल्यास आत तांबे असण्याचा संशय धरावा. कडेचे छायाचित्र मागावे, कारण ओतीव नकलेचा सांधा तेथेच दिसतो. आणि दोन विक्रेत्यांच्या नाण्यांवर ओरखडान् ओरखडा सारखा आढळला, तर दोन्हींकडे पाठ फिरवावी.