भरधाव म्हणजे किती?

मराठवाड्यातल्या कोणत्याही दैनिकाचे जिल्हा पान उघडा, अपघाताची बातमी असतेच. आणि तिची वाक्ये वाचण्याआधीच आपल्याला पाठ असतात. मथळ्यात 'काळाचा घाला'. पहिल्या परिच्छेदात 'भरधाव ट्रक' किंवा 'अज्ञात वाहन'. पुढे 'चालकाचा ताबा सुटल्याने'. शेवटी 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे'. जिंतूर हे परभणी, जालना आणि औंढा नागनाथ या तिन्ही बाजूंनी येणाऱ्या रस्त्यांचे गाव. त्यामुळे ही वाक्ये आमच्या वाट्याला जरा जास्तच येतात. गेली काही वर्षे मी त्यांची कात्रणे जमवतो आहे. मी पत्रकार नाही, वकील नाही, अभियंता तर नाहीच. शब्द नीट वाचायची सवय, एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर एक साधा प्रश्न विचारतो: भरधाव म्हणजे ताशी किती किलोमीटर?

शब्द घोड्याच्या काळातला आहे. घोड्याला वेगमापक नव्हता, त्यामुळे 'भर धाव' एवढे वर्णन पुरत होते. गंमत अशी की, ज्या कायद्याने आपण परवापरवापर्यंत वाहनचालकाला जबाबदार धरत होतो, तोही घोड्याच्याच काळातला. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम २७९ मध्ये वाहन हाकणारा आणि जनावरावर स्वार झालेला असे दोघेही आहेत. हयगय आणि बेदरकारपणाही आहे. वेग हा शब्द मात्र नाही. तो मराठी फिर्यादीने आपल्या पदरचा घातला. 'आपल्या ताब्यातील ट्रक भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून' हे आमच्या ठाण्यांमधले ठरलेले वाक्य. यातला 'ताब्यातील' हा शब्द लक्षात ठेवावा. फिर्यादीत वाहन चालकाच्या ताब्यात असते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत त्याच चालकाचा ताबा सुटलेला असतो. घटना एक, व्याकरणे दोन. पहिल्यात चालक कर्ता आहे. दुसऱ्यात 'ताबा' हाच कर्ता, तो आपोआप सुटतो, आणि बाकी सगळे काळावर सोपवता येते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. १९९८ साली 'कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असेच विशेषण आले होते. ट्रक 'हाय स्पीड'मध्ये होता, असे साक्षीदारांचे म्हणणे. म्हणजे नेमका किती, हे एकालाही अंदाजानेसुद्धा सांगता आले नाही. वेग जास्त ही सापेक्ष बाब आहे, तेवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्या विशेषणावर बातमी उभी राहते त्यावर खटला उभा राहत नाही, तो असा.

सरकारी अहवालाची भाषाही फार वेगळी नाही. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. त्यातले ७१.२ टक्के मृत्यू 'अतिवेगा'मुळे. आकडा दशांशापर्यंत आहे म्हणून तो मोजमाप वाटतो. पण अपघातापूर्वीचा वेग बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेला नसतो. घटनेनंतर पोलिसांनी नोंदवलेले ते कारण असते. दिल्लीच्या आयआयटीतले दिवंगत अभ्यासक दिनेश मोहन हे पोलिसी नोंदींतल्या या दोषारोपणावर सतत बोट ठेवत आले. म्हणजे आपले 'भरधाव' भाषांतरित होऊन दिल्लीला जाते आणि टक्केवारी होऊन परत येते.

याचा अर्थ वेग निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. उलट, वेग इतका जीवघेणा आहे की त्याला विशेषणावर सोडून चालत नाही. जरा हिशेब करू. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी आहे, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. मागून मोटार येते आहे, समोरून दुसरे वाहन असल्याने दिवे डिपरवर. त्या झोतात फार तर पन्नासेक मीटरपर्यंत धड दिसते. ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात मोटार २५ मीटर जाते. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. माणूस वाचला. ताशी ७० ला हेच अंतर ५७ मीटर होते. ताशी ८० ला ६९.

आता कायद्याचा आकडा पाहा. ६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत मोटारीसाठी कमाल मर्यादा होती द्रुतगती मार्गावर १२०, चौपदरी दुभाजित रस्त्यावर १००, आणि इतर रस्त्यांवर ७०. म्हणजे बोरी-झरीमार्गे परभणीला जाणाऱ्यासारख्या साध्या रस्त्यावर ७० ने चालणारा मोटारवाला कायदा पाळत असतो, आणि तरीही त्या ट्रॉलीमागे त्याला थांबता येत नाही. त्याला भरधाव म्हणायचे का? बातमी म्हणेल. ट्रॉलीचा मालक, तिच्यात ऊस मागवणारा कारखाना, ती तशीच रस्त्यावर येऊ देणारी यंत्रणा यांच्यासाठी मात्र बातमीकडे एकही तयार शब्द नाही.

त्याच अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठीही मोटारीला ७० च होते. पायी चालणारे आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे ३० पेक्षा जास्त वेग नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही तेच आहे. मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ५० वरून ६५ वर जाताना साडेचार पट होतो. आठवडी बाजारच्या दिवशी जिंतूरच्या रस्त्यातून चालून पाहावे, मग ७० या आकड्याचा अर्थ कळेल. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्दबातल ठरवली, तीही वाढवलेल्या वेगावरच बोट ठेवून. आकड्यावर वाद घालता येतो, तो कोर्टात नेता येतो. 'अति घाई संकटात नेई' या फलकाला कोणत्या कोर्टात आव्हान देणार? फलकांवरच्या सुभाषितांची मला चीड नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार रस्त्याची वा पुलाची स्थिती पाहून कमी मर्यादा ठरवण्याचा आणि तसा फलक लावण्याचा अधिकार शासनाला असताना, आकड्याच्या जागी यमक रंगवणे ही पळवाट आहे.

जबाबदारीच्या वाटणीत ही पळवाट पैशा-तुरुंगाच्या हिशेबात दिसते. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अपघातानंतर खबर न देता पळून गेल्यास दहा वर्षांची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ती तरतूद अजून अंमलात आणलेली नाही. या चालकांवर आपल्याकडे अग्रलेख निघाले. पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ वर किती निघाले? रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने माणूस मेला, तर अधिकारी, सल्लागार वा ठेकेदार यांना दंड आहे. कमाल एक लाख रुपये.

१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. त्यानंतर बराच काळ चर्चा टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावरच फिरली. डुलकी लागली असेलही. पण मध्यरात्रीनंतर सरळ, एकसुरी रस्त्यावर माणसाला झोप येणार हे रस्ता आखणाऱ्याने धरून चालायचे असते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये नेमके हेच तत्त्व मान्य केले: चालकाने नियम पाळायचे, पण तो चुकणारच हे गृहीत धरून रस्ता बांधण्याची अंतिम जबाबदारी बांधणाऱ्याची. तिथेही चालकाला माफी नाही. फक्त तो एकटा नाही.

आपला 'जबाबदार' हा शब्द फारसीतून आला. जबाब, म्हणजे उत्तर, देणे ज्याच्याकडे लागते तो. अपघातानंतर जबाब नोंदवले जातात चालकाचे, क्लीनरचे, पाहणाऱ्यांचे. वळणावर झाड कोणी वाढू दिले, गतिरोधकावर पांढरे पट्टे का नव्हते, याचा जबाब ठाण्यात कोणी नोंदवल्याचे माझ्या कात्रणांत तरी सापडत नाही. 'अज्ञात वाहन' या शब्दांनाही अशीच किंमत असते, आणि ती अगदी रोख असते: वाहन सापडले नाही तर मृताच्या वारसांना मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पर्यंत २५ हजार होती, आता दोन लाख आहे. ती मिळवायला तहसील वा उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो. ही ओळ 'हळहळ व्यक्त होत आहे'च्या जागी छापली तर जागाही तेवढीच लागेल.

हे सगळे मी एका तरुण वार्ताहराला सांगून पाहिले. म्हटले, पुढच्या बातमीत 'भरधाव' खोडून त्या ठिकाणची मर्यादा लिही, फलक किती अंतरावर आहे ते लिही, रस्ता कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे ते लिही. त्याने ऐकून घेतले. "काका, पोलिसांच्या टिपणात यातले काहीच नसते," तो म्हणाला, "आणि पान सातला बंद होते." मग थोड्या वेळाने त्यानेच विचारले, रस्ता कोणत्या विभागाचा हे कुठे कळेल. मी त्याला बांधकाम उपविभागाच्या कार्यालयाचा रस्ता सांगितला.