धाक आणि धसका : भयाच्या दोन बाजू

भरताने आठ रसांत भयानकाला स्थान दिले. त्याला प्रतिष्ठा मात्र कधीच लाभली नाही. शृंगार, करुण आणि वीर यांचा ऊहापोह करताना आपले साहित्यशास्त्र जितके रमते तितके ते भयापाशी रमत नाही. मराठी समीक्षेतही हीच प्रवृत्ती दिसते. भयाचा विषय निघाला की नारायण धारप (१९२५–२००८) किंवा रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांचा उल्लेख होतो आणि गूढकथेच्या प्रकरणातच हा विषय आटोपला जातो. या लेखकांची योग्यता कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु भय म्हणजे अज्ञाताचे, अमानुषाचे भय असे एकदा ठरले की माणसाला माणसाकडून वाटणाऱ्या भयाचा विचार करावयास जागाच उरत नाही. ही जागा मोकळी करून पाहावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

आरंभ भाषेपासून करणे सोयीचे होईल. मराठीत भयवाचक शब्दांची वाण नाही : भय, भीती, धास्ती, धसका, धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. कोशात हे शब्द एकमेकांच्या अर्थासाठी वापरलेले आढळतात, पण वाक्यात ते एकमेकांची जागा घेत नाहीत. भीती ‘वाटते’, धास्ती किंवा धसका माणूस ‘घेतो’. धाक, वचक आणि जरब मात्र कोणीतरी ‘बसवतो’. पहिल्या गटातील क्रियेचा धनी भिणारा आहे, दुसऱ्या गटातील क्रियेचा धनी भिवविणारा. एम. ए.च्या वर्गात एकदा या शब्दांची वाक्ये करावयास सांगितली असता ‘विंचवाची भीती’ आणि ‘मामंजींचा धाक’ ही दोन्ही उदाहरणे सहज आली. ‘विंचवाचा धाक’ असे मात्र कोणीही लिहिले नाही. पुराची भीती असते, काळोखाची भीती असते. पुराचा वा काळोखाचा धाक नसतो. वाघाचा दरारा असू शकतो, पण तो वाघाला आपण राजा मानले म्हणून. धाकाला इच्छा लागते आणि अधिकार लागतो. ‘जरब’ हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ आघात असा आहे, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ही विभागणी काटेकोर आहे असा आग्रह धरता येणार नाही. बिबट्याची दहशत, पटकीची दहशत असे प्रयोग रूढ आहेत. षष्ठीची संदिग्धताही आहेच. ‘आईची भीती’ म्हणजे आईला वाटणारी की आईविषयी वाटणारी, हे संदर्भावरूनच कळते. संस्कृतात भयाचे कारण पंचमीने दाखविले जाते आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र (१.४.२५) रचले आहे. मराठीने ती व्यवस्था सोडली. पण सोडताना भयाच्या दोन बाजूंसाठी दोन वेगळे क्रियापदसमूह तिने रूढ केले. एकाच घटनेला वरून पाहिले तर ती धाक आहे, खालून पाहिले तर धसका.

आता शास्त्राकडे पुन्हा वळू. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भय हा स्थायिभाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा म्हणून सांगितला आहे. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने भय दाखवावयाचे ते गुरू किंवा राजा यांच्यापुढे, आणि तेही कृतक. विनय म्हणून धारण केलेले. या विधानाकडे आपण सामान्यतः जुन्या काळाचा पूर्वग्रह म्हणून पाहतो आणि पुढे जातो. माझ्या मते त्यात एक अचूक निरीक्षणही दडले आहे. समाजात भय सारखे वाटलेले नसते. अधिकाराच्या उतरंडीत जो जितका खाली, त्याच्या वाट्याला ते तितके अधिक. शास्त्रकाराने हे वाटप पाहिले. मात्र त्याचे कारण भिणाऱ्याच्या प्रकृतीत शोधले. धाकाचे वर्णन त्याने धसक्याच्या नावाने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

अभिनवगुप्ताचे प्रसिद्ध उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण मागे वळून पाहते. त्या चित्राचा आस्वाद घेताना, अभिनवगुप्त सांगतो, हरिण अमुक एक असे राहत नाही, त्याला भिवविणाराही वास्तव राहत नाही. देशकालाच्या मर्यादा गळून पडतात आणि सहृदयाच्या ठायी शुद्ध भय तेवढे प्रतीत होते. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेतील भयाचा आधार वेगळा मानला : संकटात सापडलेला माणूस आपल्यासारखा असला म्हणजे भय वाटते. एकाने विशेष पुसून टाकले, दुसऱ्याने सादृश्य मागितले. दोघांनीही प्रेक्षकाला हरिणाच्या बाजूस बसविले आहे. परंतु प्रेक्षक रथात बसलेला असेल तर काय, हा प्रश्न दोघांपुढेही उभा राहिला नाही.

मराठी साहित्यात हा प्रश्न अटळ झाला तो बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने. शीर्षककथेतील निवेदक नोकरीच्या गावी आपली जात उघड न करता राहतो. कथेत भूत नाही, स्मशान नाही. खोली, कामाची जागा, सहकाऱ्यांचा स्नेह हीच भयाची स्थाने आहेत. स्नेह जितका वाढतो तितके भयही वाढते, कारण तो स्नेह चुकीच्या ओळखीवर उभा आहे. शीर्षकातील क्रियापद विशेष पाहण्यासारखे आहे. जात ‘लपवली’ असे म्हणता आले असते. ‘चोरणे’ या धातूला मराठीत आखडून घेण्याची, आक्रसण्याची छटा आहे. आपण अंग चोरतो. पण त्याच धातूत गुन्हाही आहे. जे स्वतःचेच आहे ते झाकून ठेवणाऱ्याला भाषा चोर ठरविते. भरताने भयानकाचे तीन प्रकार सांगितले, त्यांत अपराधातून उद्भवणारे भय हा एक आहे. येथे अपराध नाही आणि तरीही भय अपराध्याचे आहे. हा प्रकार शास्त्रात बसत नाही. तो शास्त्र रचणाऱ्या समाजातून निर्माण झाला आहे.

या कथेचे साधारणीकरण कसे करावयाचे? भिवविणाऱ्याला अवास्तव मानले तर कथाच उरत नाही. सवर्ण वाचक निवेदकाशी समरस होऊन भ्याला आणि पुस्तक मिटून निर्धास्त झाला, तर त्याने धसक्याचा आस्वाद घेतला आणि धाकाची जबाबदारी टाळली. कथा त्याला हे सुख पूर्णपणे घेऊ देत नाही, यातच तिचे सामर्थ्य आहे.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) या नाटकात हीच रचना दुसऱ्या रीतीने येते. खेळ म्हणून मांडलेला अभियोग लीला बेणारेभोवती आवळत जातो. येथे कोणीही खलपुरुष नाही. चारचौघांसारखी माणसे न्यायालयाची भाषा उसनी घेतात आणि त्या भाषेबरोबर जरबही त्यांच्या हाती येते. नाटकाचे शीर्षकच एक आज्ञा आहे. अखेरीस बेणारे बोलते तेव्हा इतर पात्रे निश्चल झालेली असतात. म्हणजे तिचे बोलणे प्रेक्षकांखेरीज कोणी ऐकत नाही.

भयाने माणसाची बोबडी वळते, असे मराठी म्हणते. स्वरभेद हा सात्त्विक भाव शास्त्रानेही भयाशी जोडला आहे. भय प्रथम वाचेवर घाला घालते, हा दोहोंचा समान अनुभव होय. म्हणून भयाचे साहित्य ही मुळातच अवघड गोष्ट आहे. ज्याने भाषा हिरावली त्याविषयी भाषेतच बोलावयाचे असते. बागुलांचा निवेदक आणि तेंडुलकरांची बेणारे प्रत्यक्ष प्रसंगी जे बोलू शकत नाहीत, ते कथा आणि नाटक बोलतात. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण भिणाऱ्यालाच दोष देऊन मोकळी होते. साहित्य तसे करीत नाही.

शाकुंतलातील ते हरिण वाचले, हे आपण सहसा आठवत नाही. आश्रमातील तपस्व्यांनी राजाला थांबविले आणि त्याने बाण आवरला. भयाच्या त्या प्रसंगात एक निर्णायक शब्द होता, आणि तो हरिणाला उद्देशून नव्हता. रथातील माणसाला उद्देशून होता. भयानक रसाचा यापुढील अभ्यास करताना हरिणाच्या वळलेल्या मानेइतकेच त्या शब्दाकडेही लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते.