‘आर्यभिषक्’ आणि खुरप्याखालचे ज्ञान

शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा शतकाहून जुना ग्रंथ मराठी कुटुंबांत वैद्याच्या खालोखाल मान पावलेला आहे. वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे, तिचे गुणधर्म आणि घरगुती उपाय अशी त्याची सरळ मांडणी आजही उपयोगी पडते. तथापि जालना जिल्ह्यात भोकरदन किंवा अंबडकडील एखाद्या शेतात हा ग्रंथ मनात ठेवून उभे राहिले, म्हणजे त्यातील उणीव ध्यानी येते. ग्रंथात आघाडा आहे, माका आहे, टाकळा आहे. खुरप्याने ते उपटणारी बाई मात्र नाही.

तिच्या लेखी तण कोणते व भाजी कोणती, हे पानाच्या कोवळेपणावर ठरते. कोकणात ज्यास टाकळा म्हणतात तो इकडे तरोटा. पावसाच्या आरंभी त्याचा पाला खुडून भाजी करावयाची. जून झाला की तोच उपटून बांधावर टाकावयाचा. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुंजर ही खुरपणीच्या वेळी पदरात जमा होतात आणि संध्याकाळी भाकरीबरोबर ताटात येतात. मजुरीखेरीजची ही मिळकत गुणधर्मांच्या यादीत कोठे लिहावी?

आमचा मुख्य आक्षेप असल्या ग्रंथांच्या वाचकांवर आहे. रानपाल्याची सारी विद्या ऋषिमुनींपासून चालत आली, अशी त्यांची गोड समजूत असते. विळा लागला असता जखमेवर जिचा रस पिळतात ती कंबरमोडी, म्हणजेच दगडीपाला, मूळची अमेरिकेची. प्राचीन संहितांत ती असणेच शक्य नाही. या परक्या तणाची पारख शेतात राबणाऱ्यांनीच केली. उलट १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेल्या गाजरगवताला त्यांनी ताटात किंवा औषधात थारा दिला नाही, कारण अंगाला खाज सुटते हे लवकरच कळून चुकले.

आता कपाशी-सोयाबीनच्या रानात तणनाशकाची फवारणी होते. खुरपणी कमी झाली की ही ओळख पुढच्या पिढीस कोण देणार? आयर्लंडात १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडची माहिती, तीत रानपाल्याचे उपायही, वह्यांत उतरवून घेतली. जालन्याच्या शाळांतून अशा वह्या लिहविल्या गेल्या, तर पहिल्या पानावर, आमच्या अटकळीप्रमाणे, आघाड्याच्या आधी तरोटा येईल.