दिवा लावणारी, दिवा झालेली

मंडळी, आज आम्ही फार चित्रं दाखवणार नाही. दोनच. दोन्ही सिओना बेंजामिन यांची. मुंबईतल्या बेने इस्राएल घरात त्या वाढल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. त्यांच्या चित्रातली स्त्री निळी असते. पहिल्यांदा पाहताना आम्हीही फसलो. निळा रंग, अनेक हात, म्हणजे आपलीच कुणी देवी! बेंजामिन यांच्या मते तो निळा आभाळाचा आणि समुद्राचा, कुठल्याच एका देशाचा नसलेला.

आता 'तिक्कुन हा-ओलाम' मधले हात नीट पाहा. ते मेनोराच्या, म्हणजे यहुदी दीपवृक्षाच्या फांद्यांसारखे वर वळलेत. यरुशलेमच्या मंदिरातला मेनोरा सांभाळायचे ते पुरुष याजक. घरात मात्र शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथचा दिवा लावते ती बाई. (कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दिव्याच्या तेलाशी त्यांचं नातं जुनंच.) चित्रात दिवा लावणारीच दिवा झाली आहे. आमच्या मते चित्राचं सगळं बळ ह्यात आहे, निळ्या रंगात नाही.

'तिक्कुन' म्हणजे दुरुस्ती. 16व्या शतकात सफेदच्या इसहाक लुरियाने सांगितलं, की प्रकाश पेलणारी पात्रं फुटली, ठिणग्या विखुरल्या, त्या परत गोळा करणं हे माणसाचं काम. शेखिना म्हणजे देवाचं आपल्यात असणं. कब्बालात ती स्त्रीरूप आहे आणि लोकांबरोबर परागंदा झालेली आहे. किती सुंदर कल्पना! पण ती मांडली पुरुषांनी, आणि परंपरागत प्रार्थनागृहात खऱ्याखुऱ्या बायका बसायच्या वेगळ्या. ही फट बेंजामिन यांनी बरोबर हेरली आहे.

दुसरं चित्र लिलिथचं. मध्ययुगातल्या 'बेन सिराची वर्णमाला' ह्या ग्रंथात ती आदामची पहिली बायको. दोघं एकाच मातीची, मग मी खाली का, असं विचारून ती उडून गेली. पुढे ती बाळांचा जीव घेणारी ठरली आणि बाळंतिणीच्या खोलीत तिच्याविरुद्ध ताईत लटकू लागले. बेंजामिन तिला कॉमिकच्या पानावर आणतात, बोलण्याच्या फुग्यासकट. इथं आमचं पटत नाही. फुगा सगळं बोलून टाकतो, बघणाऱ्याला काही उरतच नाही. राग खरा आहे हो, पण चित्राचं पोस्टर झालं.

एक चिठ्ठी आली आहे: मग पहिलं चित्र तरी पवित्र कशानं? त्याची तर कुणी पूजा करत नाही. बरोबर, करूही नये. यहुदी धर्मात मूर्तिपूजेला मनाईच आहे. पण तो ताईतही कुणी पूजत नव्हतं. भीती वाटली की बाई त्याच्याकडे बघायची, इतकंच. 'तिक्कुन'कडे आम्ही तसं बघतो. लिलिथकडे अजून नाही जमलं.

जरा ते पहिलं चित्र परत लावता का?