अपराधी सदस्य आणि निवेदकाचा न्याय : दोन महानायक-संघ चित्रकथांचे लेखनमूल्य

चित्रकथांच्या समीक्षेत रेखाटनाची चर्चा जितक्या आस्थेने होते तितकी लेखनाची होत नाही. महानायकांच्या संघाभोवती गुंफलेल्या कथांबाबत ही उणीव अधिक जाणवते. मराठी वाचकाला इंद्रजाल कॉमिक्समधून परिचित झालेला वेताळ किंवा जादूगार मँड्रेक हा एकटा नायक असे. इतर पात्रे त्याच्याभोवती फिरत. अमेरिकन संघकथेत मात्र सात-आठ समान योग्यतेच्या पात्रांना मासिक अंकाच्या मोजक्या पानांत जागा द्यावी लागते. त्यामुळे अशा कथांचे लेखनमूल्य ठरवताना सामान्यतः एकच कसोटी लावली जाते : प्रत्येक पात्राची बोली वेगळी ओळखू येते काय? ही कसोटी निरर्थक नाही, परंतु ती अपुरी आहे. कीथ गिफन व जे. एम. डिमॅटिस यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘जस्टिस लीग’ मालिकेतील संवाद कमालीचे चटपटीत आहेत. तरीही काही अंकांनंतर सर्वच पात्रे एकाच विनोदी लेखकाच्या तोंडून बोलतात असे वाटू लागते.

संघकथेची खरी परीक्षा संघातील एखादा सदस्य अपराधी ठरतो तेव्हा होते. त्या क्षणी त्याचे सहकारी काय करतात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निवेदक त्याच्याशी कसा वागतो, यावरून लेखकाची कुवत कळते. या दृष्टीने दोन संकलने शेजारी ठेवण्याजोगी आहेत : ख्रिस क्लेअरमॉन्ट व जॉन बर्न यांची ‘एक्स-मेन’मधील ‘डार्क फिनिक्स सागा’ (मूळ अंक १९८०) आणि मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांचे ‘टीन टायटन्स’मधील ‘द ज्युडास काँट्रॅक्ट’ (मूळ अंक १९८४). दोन्हींत संघातील एक तरुण स्त्री संघावर उलटते आणि दोन्हींत तिचा अंत होतो. साम्य येथेच संपते.

वाक्यरचनेच्या पातळीवर क्लेअरमॉन्ट हा सदोष लेखक आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. चित्रात जे दिसते तेच निवेदनाची चौकट पुन्हा सांगते. पात्रे ऐन लढाईत स्वतःच्या शक्तीचे स्वरूप समजावून देत बसतात. महिन्याकाठी एक अंक वाचणाऱ्या, मधला एखादा चुकलेल्या वाचकासाठी ही पुनरुक्ती सोयीची होती. सलग संकलनात ती खटकते. भावनेचा स्वरही बहुधा टिपेला पोहोचलेला असतो. ‘ज्युडास काँट्रॅक्ट’चे गद्य त्या मानाने आटोपशीर आहे आणि कथानकाची बांधणी तर निःसंशय अधिक सफाईदार आहे. केवळ कारागिरी मोजायची तर निकाल वुल्फमनच्या बाजूने लागेल.

परंतु जीन ग्रेचा अपराध क्लेअरमॉन्ट ज्या रीतीने हाताळतो ती रीत पाहण्यासारखी आहे. मास्टरमाइंड हा खलनायक भ्रमाच्या साहाय्याने तिच्या मनाशी खेळतो, तिचा संयम ढळतो आणि ती एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरील पाच अब्ज जीव मरतात. ‘ती तिच्या ताब्यात नव्हती’ ही सबब कथेत उपलब्ध आहे, पण निवेदक तिच्याआड लपत नाही आणि मृतांचा विसरही पडू देत नाही. १३७व्या अंकात चंद्रावरील द्वंद्वाच्या आदल्या रात्री प्रत्येक सदस्य स्वतंत्रपणे विचार करताना दाखवला आहे : जीनसाठी लढावे काय, आणि का? प्रश्न एकच, पण त्याला सामोरे जाण्याची प्रत्येकाची वाट निराळी. येथे पात्रांचे वेगळेपण लकबींतून नव्हे, तर विवेकातून सिद्ध होते. क्लेअरमॉन्टचा सारा शब्दबंबाळपणा या काही पानांसाठी माफ करावा.

शेवट मात्र लेखकद्वयाच्या मूळ योजनेतला नव्हता. जीनची शक्ती हिरावून तिला जिवंत ठेवायचे ठरले होते. एवढ्या संहारानंतर तिची अशी सुटका होऊ नये, असा आग्रह मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरला. मूळ शेवट १९८४ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला, त्यामुळे तुलना करता येते. छापील शेवटात जीन स्वतःच निर्णय घेते. मूळ शेवटात निर्णय इतर घेतात. संपादकीय हस्तक्षेपाने कथा सुधारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण मानावे लागेल.

‘ज्युडास काँट्रॅक्ट’मधील टेरा, म्हणजे तारा मार्कोव्ह, ही डेथस्ट्रोकने संघात पेरलेली हेर आहे. वय सोळाच्या आसपास. तिला खेळवणारा स्लेड विल्सन हा प्रौढ, अनुभवी भाडोत्री मारेकरी; त्या अल्पवयीन मुलीशी त्याचे संबंध सूचनेने दाखवले आहेत. असे असता निवेदक तिच्या मृत्यूचा दोष निखालसपणे तिच्या एकटीच्या माथी मारतो. ४४व्या अंकाचा मोठा भाग स्लेडच्या पूर्वायुष्याला दिला आहे. त्याची घटस्फोटित पत्नी ते सांगते, त्याच्या मुलांची दुःखे कळतात, आणि त्याला एक प्रकारची प्रतिष्ठा लाभते. टेराच्या वाट्याला तसे एकही प्रकरण येत नाही. तिचा द्वेष कोठून आला हा प्रश्न विचारण्यापूर्वीच ‘ती मुळातच तशी’ असे उत्तर दिले जाते. विशेष म्हणजे पेरेझचे चित्र या निवाड्याशी पूर्ण सहमत दिसत नाही. पुढे आलेले दात, लहान चण, साधा चेहरा अशी त्याने रेखाटलेली मुलगी अखेरपर्यंत मुलगीच दिसते. चित्र जे पाहते ते शब्द पाहत नाहीत, आणि सफाईदार गद्याची मर्यादा नेमकी येथे उघडी पडते.

या तुलनेत संकलनांच्या सीमांचाही विचार करावा लागतो. टेराचे कपट वाचकाला १९८३ मध्ये, ३४व्या अंकाच्या शेवटी कळले होते. तोपर्यंत मासिकाच्या वाचकाने कित्येक महिने तिच्यावर संघाप्रमाणेच विश्वास टाकलेला होता. १९८८ चे संकलन मात्र ३९व्या अंकापासून सुरू होते. संकलनाच्या वाचकाला टेरा प्रथम भेटते ती हेर म्हणूनच. त्याचा विश्वासघात होतच नाही, तो फक्त इतरांचा झालेला पाहतो. उलट ‘डार्क फिनिक्स’चे १९८४ चे संकलन जीनच्या मृत्यूपाशी थांबते, आणि ते तिच्या पथ्यावर पडले आहे. कारण १९८६ मध्ये जीनला परत आणताना, संहार करणारी शक्ती जीन नव्हतीच, असा खुलासा प्रकाशकाने केला आणि त्या रात्रीच्या साऱ्या विवेकमंथनाचा पायाच काढून घेतला. संकलनाला त्या खुलाशाची झळ लागत नाही.

टेराच्या बाबतीत याच्या उलट घडले. तिच्यावर प्रेम करणारा गार लोगन १९८५ च्या ५५व्या अंकात स्लेडला गाठतो आणि टेराच्या मृत्यूबद्दल जाब विचारतो. जो प्रश्न मूळ कथेच्या निवेदकाने दडपला तो तेथे संघातल्याच एका मुलाच्या तोंडी येतो. हा अंक १९८८ च्या संकलनात नाही.