देवनागरीचा दुभाषी : आत की बाहेर?

तत्त्वज्ञानाचा माणूस सॉफ्टवेअरवर का बोलतोय, असं इथं कोलाडमध्ये एकदोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण भाषेचं ज्ञान नेमकं कुठं राहतं, हा आमच्याच शास्त्राचा जुना प्रश्न, आणि तो मला सर्वांत स्वच्छ दिसला तो मराठी मजकूर छापणाऱ्या दोन मुक्त प्रणालींमध्ये.

डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली केली. तिला देवनागरी कळत नव्हती. 1991 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्तहाउस यांनी त्यावर 'डेव्हनाग' हा उपाय काढला. हा बाहेरचा प्रीप्रोसेसर, म्हणजे मुख्य काम सुरू होण्याआधी मजकूर तयार करून देणारा कार्यक्रम. तुम्ही रोमन अक्षरांत लिहायचं. आ हवा तर 'ए' दोनदा, ट हवा तर आधी टिंब आणि मग 'टी'. डेव्हनाग त्यातून टेकला समजेल अशी दुसरी फाइल काढून देतो आणि टेक ती छापतो.

ही पद्धत हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी ती मोठी गोष्ट होती. जोडाक्षर कसं बसवायचं याचे नियम एकाच ठिकाणी, सी भाषेत, कुणालाही वाचता येतील असे लिहिलेले होते. शिवाय मधली फाइल उघडून बघता येई. छापील पानावर काही बिनसलं तर ते दुभाष्यानं बिघडवलं की छापणाऱ्यानं, याचा निवाडा होत असे.

मग दोष काय? टेकला चूक सापडली की तो मधल्या फाइलकडे बोट दाखवी. तिथं तुम्ही लिहिलेला शब्द नसे, फाँटच्या खुणा असत. सी भाषेचा प्रीप्रोसेसर मूळ फाइलचं नाव आणि ओळ पुढं कळवतो. टेकला असं कळवायची सोयच नाही. आणि खरा दोष याहून खोल आहे. मूळ फाइलमध्ये मराठी नसायचीच. तिथं 'समुद्र' शोधा, सापडणार नाही.

2004 मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक आणलं. हे सरळ युनिकोड वाचतं. आता तुम्ही मराठीत लिहिता. 2013 पासून अक्षरांची मांडणी हार्फबझ हे इंजिन करतं, तेही टेकच्या पोटातच. आपल्याकडे रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, पण लांबच्या गाडीतल्या माणसाला कोलाडला यायला डबा बदलावा लागत नाही. तसंच हे.

आता कस लावू. 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. उच्चारात आघाताचा फरक, लिपीत रफार की आडवा र एवढाच. युनिकोडमध्ये आडव्या र साठी नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असा क्रम आहे. रला हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊनही तोच आकार मिळतो. डोळ्यांना एक, यंत्राला दोन! म्हणजे मूळ फाइलमध्ये मराठी आली तरी शोध चुकू शकतोच. यात झीटेकचा दोष नाही, पण झीटेक ते दाखवतही नाही.

मराठी वळणाचा ल आणि श घ्या. काही फाँटांत हे आकार असतात, पण भाषा मराठी आहे असं स्पष्ट सांगितलं तरच बाहेर येतात. नाही सांगितलं तर हिंदी वळण छापलं जातं, आणि कुठलीही चूक नोंदली जात नाही. बाहेरच्या दुभाष्याजवळ नियम होते. आता ते फाँट आणि इंजिन यांच्यात वाटले गेले, आणि तुमचं पान हा त्या दोघांचा करार झाला. तो करार तुम्ही वाचलेला नाही.

माझा आक्षेप आत घेण्याला नाही. जीसीसी या कंपायलरनं 2001 च्या 3.0 आवृत्तीत प्रीप्रोसेसर असाच पोटात घेतला, पण खिडकी ठेवली. एक पर्याय दिला की प्रक्रिया झालेला मजकूर समोर येतो. दुसरा दिला की तो टप्पा पुन्हा वेगळा चालतो. झीटेकला अशी खिडकी नाही. हार्फबझबरोबर एक साधन येतं, ते कोणत्या अक्षराला कोणता आकार लागला ते दाखवतं, पण ते स्वतंत्र चालवावं लागतं. ज्याला अक्षर का बिघडलं ते कळत नाही, त्याला असं साधन आहे हे तरी कुठून कळणार?

तर निवड कशी करायची? नवा मजकूर असेल तर झीटेक, यात मला शंका नाही. मराठी मजकूर मराठीतच साठवला पाहिजे, तोच इतरांना शोधता येईल, सुधारता येईल. मात्र दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच भाषा मराठी आहे हे नोंदवा, आणि 'दऱ्या', 'शाळा', 'लाल' हे तीन शब्द छापून बघा.

माझी बरीच टिपणं मात्र त्या रोमन संकेतात आहेत. ती फेकायची नाहीत. मजकूर वाचतानाच वेल्तहाउस-संकेताची देवनागरी करणारे तक्ते झीटेकला जोडता येतात, त्यामुळे ती आजही छापता येतात. मी ती एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहे. न्यायदर्शनावरची झाली, वेदान्ताची राहिली आहेत. मूळ फाइल तशीच शेजारी ठेवतो, कारण रूपांतरात एखादा आडवा र हरवला तर तो कुठं होता हे तिथंच कळेल.