चित्र पोचते, अर्थ पोचत नाही

माझ्या घरी माळ्यावर एक जुना संगणक आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, माऊसही नाही. विजेची एक वायर आणि नेटवर्कची एक वायर, एवढ्यावर तो रात्रंदिवस चालतो. घरातले फोटो, माझी टिपणे आणि काही लांबलचक आकडेमोड त्याच्याकडे सोपवलेली आहे. अशा बिनपडद्याच्या संगणकाला 'हेडलेस', म्हणजे मुंडके नसलेला, म्हणतात. शाळेत अडगळीत पडलेल्या जुन्या संगणकांचाही असा उपयोग करता येतो. त्यामुळे शिक्षकमित्र हमखास विचारतात, "पडदाच नाही, तर काम करायचे कसे?"

याचे एक प्रचलित उत्तर 'व्हीएनसी' हे आहे. ते कसे बसवायचे याच्या कृती पुष्कळ मिळतात. पण त्यामागची कल्पना कितपत चांगली आहे, याची तपासणी क्वचितच होते. ती इथे करू.

इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील ऑलिव्हेटी आणि ओरॅकल यांच्या संशोधनशाळेत रिचर्डसन, स्टॅफर्ड-फ्रेझर, वुड आणि हॉपर या चौघांनी ही कल्पना मांडली. त्यांचा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला. दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम पुढे २०११ साली 'आरएफसी ६१४३' या दस्तऐवजात आले. तो मुळातून वाचण्याजोगा आहे. असे दस्तऐवज सहसा बोजड असतात. हा मात्र संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका बैठकीत समजतो.

कल्पना एका वाक्यात सांगता येते: अमुक जागी, अमुक आकाराचा, रंगीत ठिपक्यांचा हा आयत ठेव. दूरच्या संगणकाने पाहणाऱ्याला एवढेच सांगायचे. पाहणाऱ्याने उलट दिशेने कोणती कळ दाबली आणि माऊस कुठे आहे ते कळवायचे. कळ दाबल्याचा निरोप आठ बाइटांचा, माऊसचा सहा बाइटांचा. मूळ नियमांत पाहणाऱ्याकडून जाणारे निरोप सहा प्रकारचे आणि त्याच्याकडे येणारे चार प्रकारचे. बस्स! खिडकी, बटण, अक्षर यांपैकी कशाचीही या नियमांना ओळख नाही.

हे अज्ञान हेच या रचनेचे खरे बळ आहे. ठिपके सगळ्यांना कळतात, म्हणून दोन्ही टोकांना अगदी वेगवेगळ्या जातीचे संगणक चालतात. पाहणाऱ्याकडे काहीच साठवलेले नसते. मधेच संबंध तुटला, तर दुसऱ्या खोलीतून पुन्हा जोडा, अर्धवट वाक्य जिथल्या तिथे सापडते. आणि बिनपडद्याच्या संगणकाला तर ही रचना फारच सोयीची. ठिपके खऱ्या पडद्यावरून उचलायला हवेत असे थोडेच आहे? लिनक्सवर स्मृतीतच एक काल्पनिक पडदा तयार करता येतो. तो कोणाच्याही डोळ्यांसमोर नसतो, पण त्याचे चित्र दूरवर दिसते.

मात्र या अज्ञानाची किंमतही मोजावी लागते. पहिली किंमत वेगाची. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येकी चार बाइट धरले तर एक चित्र ८३ लाख बाइटांचे झाले. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेतून फार तर १२५ लाख बाइट जातात. म्हणजे एका चित्राला दोन तृतीयांश सेकंद! यावर उपाय असा, की फक्त बदललेला भाग पाठवायचा. तोही दाबून लहान करायचा. खिडकी नुसती सरकली असेल, तर रंग पुन्हा न पाठवता 'तिथला आयत उचलून इथे ठेव' एवढेच सांगायचे. लिखाणाच्या कामाला हे छान पुरते. चित्रफीत मात्र अडखळते, कारण तिथे सगळेच सतत बदलत असते.

दुसरी किंमत आपल्याला जास्त जाणवावी. दूरच्या पडद्यावरचा मराठी मजकूर अचूक दिसतो, कारण ते चित्र आहे. पण तोच मजकूर तिथे उचलून इकडे चिकटवायला जा, तर मूळ नियमांत त्याला वाटच नाही. तिथे 'लॅटिन-१' या संचाबाहेरची अक्षरे पाठवता येत नाहीत, आणि ही उणीव २०११च्या दस्तऐवजात स्पष्ट नोंदवलेली आहे. नंतरच्या काही आवृत्त्यांनी स्वतःची भर घालून ती दूर केली. तरी मूळ आराखड्यात जगातल्या बहुतेक लिप्या फक्त पाहण्यापुरत्याच धरल्या गेल्या, हे खरे.

तिसरी किंमत सर्वांत महाग आहे. मूळ पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे जमेस धरली जातात. रोमन लिपीत 'विद्यार्थीमित्र' असा लांबलचक शब्द ठेवलात, तरी 'विद्यार्थ' एवढाच उपयोगी पडतो. याचे कारण 'डीईएस' ही जुनी गुप्तलेखन पद्धत. तिची किल्ली ५६ बिटांची. व्हीएनसीचा लेख आला त्याच वर्षी, १९९८ साली, एका खास यंत्राने अशी किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. शिवाय प्रवेश मिळाल्यावर पुढची सगळी वाहतूक उघडीच. अनोळखी जाळ्यावर ही पद्धत वापरण्यासाठी नाही, असे दस्तऐवजच बजावतो. कृती सांगणारे मात्र "राउटरवर ५९०० क्रमांकाचे दार उघडा" असे बिनदिक्कत लिहितात. मीही एकदा ते उघडले होते. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या हाकांची रांग पाहिली आणि दार बंद केले.

योग्य मार्ग अवघड नाही. व्हीएनसीला फक्त आपल्याच संगणकाचे, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावरचे, ऐकायला सांगावे. दुरून 'एसएसएच'चा सांकेतिक बोगदा काढावा आणि चित्रे त्यातून आणावीत. एसएसएचसाठीही परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीची फाइल वापरावी. नव्या आवृत्त्यांत व्हीएनसीला स्वतःचे संरक्षण असते, पण ते चालू आहे ना, हे आपण तपासायचे.

आता शेवटचा आक्षेप, माझ्या अनुभवातला. एकदा मी परगावी असताना घरची वीज गेली आणि परत आली. माळ्यावरचा संगणक मात्र दिसेना. आईला फोन केला. तिने शेजारच्या मुलाकडून तो खाली उतरवून टीव्हीला जोडला, कळफलक लावला.

"काय दिसतंय?"

"काळ्यावर पांढरी अक्षरं आहेत. अरे, एफ-वन दाबा म्हणतोय तो. दाबू का?"

आतली छोटी बॅटरी संपली होती, आणि संगणक कोणीतरी कळ दाबण्याची वाट पाहत थांबला होता. व्हीएनसी ही कार्यप्रणालीच्या खांद्यावर बसलेली आज्ञावली आहे. कार्यप्रणाली उठलीच नाही, तर तीही उठत नाही. गरज सर्वांत मोठी असते, नेमकी तेव्हाच ती गैरहजर असते! शाळेत असा संगणक ठेवाल, तर एक पडदा आणि एक कळफलक कपाटात जपून ठेवा.

आईने मला एकही ठिपका पाठवला नाही. तिने अर्थ पाठवला. व्हीएनसी अर्थ सोडून सगळे पाठवते. म्हणून माझे मत असे: चित्रावाचून अडते तिथे ती उत्तम आहे; संगणकाची देखभाल मात्र एसएसएचमधून आज्ञा लिहूनच करावी. तिथे अक्षरे अक्षरेच राहतात.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन मुलांना दहा बाय दहा चौकटींचा कागद द्या आणि पाठीला पाठ लावून बसवा. एकाने चित्र काढायचे आणि फक्त बदललेल्या चौकटी दुसऱ्याला सांगायच्या. मग चित्र दोन घरे सरकवा आणि कमीत कमी शब्दांत ते कसे सांगाल, असे विचारा. शेवटी पहिल्याला एकाच शब्दात चित्राचे नाव सांगू द्या. किती शब्द वाचले आणि कोणती माहिती हरवली, ही चर्चा मुलेच करतील.